चढणाऱ्याला वाट

२०२४ सालच्या जून महिन्यात, वयाची चोपन्न वर्षे पूर्ण झाल्यावर, मी एका परीक्षेत नापास झालो. ही परीक्षा विद्यापीठाची नव्हती, की शिक्षण खात्याचीही नव्हती. मोटारसायकलच्या शिकाऊ परवान्यासाठी वाहतुकीच्या नियमांची जी प्राथमिक चाचणी घेतात, तीत मी अनुत्तीर्ण ठरलो. आणि माझ्याच शेजारच्या संगणकापुढे बसलेली माझी अठरा वर्षांची कन्या पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली. अठ्ठावीस वर्षे निपाणी परिसरातील रस्ते तुडविलेला, हजारो मुलांचे पेपर तपासलेला हा मुख्याध्यापक त्या दिवशी मान खाली घालून कार्यालयाच्या पायऱ्या उतरला.

वाचकहो, ही हकिकत सांगताना आज हसू येते; परंतु तिच्या पोटात हसण्यासारखे नसलेलेही काही आहे, आणि तेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रकरणाला सुरुवात झाली ती घरातच. धाकट्या कन्येला बेळगावच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. तेथे गेल्यावर स्कूटर चालवावी लागेल म्हणून ती परवान्याचा अर्ज भरीत बसली होती. ‘‘बाबा, तुमचे लायसन जरा दाखवा. कोणत्या रकान्यात काय लिहितात ते बघते,’’ असे ती म्हणाली. मी कपाटातून विम्याच्या कागदांखाली जपून ठेवलेली ती जुनी पुस्तिका मोठ्या ऐटीत काढून दिली. तिने ती उलटसुलट पाहिली आणि शांतपणे विचारले, ‘‘बाबा, याची मुदत २०१६ मध्येच संपली आहे. तुम्ही आठ वर्षे विनापरवाना गाडी चालवताय?’’

मी पुस्तिका तिच्या हातून घेतली, चष्मा लावला, चष्मा काढला. तारीख काही बदलली नाही.

तो परवाना मी १९९६ साली काढला होता. वय सव्वीस, नोकरी नवी, आणि हाती दुसऱ्या मालकाकडून घेतलेली येझदी. ही गाडी म्हैसूरच्या कारखान्यात तयार होत असे आणि तो कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. तेव्हा मैदानावर एक फेरी मारायला लावली, दोनतीन प्रश्न विचारले आणि शिक्का मारून दिला. आपण एकदा उत्तीर्ण झालो म्हणजे जन्मभरासाठी झालो, अशी त्या शिक्क्याने माझी समजूत करून दिली. त्यानंतर कोणी परवाना मागितला नाही, आणि मीही तो कधी उघडून पाहिला नाही. विद्यार्थ्यांच्या दाखल्यावरील एक अक्षर चुकले तरी कागद परत पाठविणाऱ्या माझ्यासारख्याच्या घरी ही स्थिती! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

येथे वाचकांच्या उपयोगाची थोडी माहिती देतो. आपल्या देशातील सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. माझा परवाना निघाला त्या वेळच्या तरतुदीप्रमाणे तो वीस वर्षे किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालत असे. २०१९ च्या दुरुस्तीने हे गणित बदलले. आता तिशीच्या आत परवाना काढणाऱ्यास तो चाळिशीपर्यंत चालतो. तीस ते पन्नास या वयात काढल्यास दहा वर्षे. पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान काढल्यास साठीपर्यंत. आणि त्यापुढे पाचपाच वर्षे. मुदत संपून एक वर्ष उलटले, की चाचणी दिल्याशिवाय नूतनीकरण होत नाही. माझी तर आठ वर्षे उलटली होती. मला अगदी पहिल्या पायरीपासून, म्हणजे शिकाऊ परवान्यापासून, सुरुवात करावी लागणार होती. शिवाय चाळिशी ओलांडलेली असल्यामुळे डॉक्टरांचे प्रमाणपत्रही हवे होते.

आणखी एक गोष्ट मला या निमित्ताने समजली. वैध परवाना नसलेल्या चालकाकडून अपघात झाला, तर विमा कंपनीने जखमी मनुष्याला दिलेली भरपाई ती पुढे गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका निकालात या बाबीचा सविस्तर ऊहापोह केला आहे. म्हणजे आठ वर्षे मी विम्याचा हप्ता बिनचूक भरीत होतो आणि त्याच्या आधाराखालची फळी मीच काढून ठेवली होती.

कन्या म्हणाली, ‘‘चला, दोघे बरोबरच जाऊ.’’

आता ही चाचणी काही ठिकाणी घरबसल्याही देता येते. परंतु पर्यवेक्षकाशिवाय परीक्षा ही कल्पना माझ्या शिक्षकी मनाला मानवेना, म्हणून आम्ही कार्यालयातच गेलो. बाहेर अर्ज भरून देणाऱ्यांच्या टपऱ्या होत्या. त्यांतील एका टपरीतून माझा जुना विद्यार्थी धावत आला. ‘‘काय ओ सर, तुम्ही कशाला उन्हात थांबलाय? इकडं सावलीत बसा की. प्रश्नांचं पुस्तक देतो, एकदा नजर फिरवा.’’ मी हसून म्हटले, ‘‘अरे, अठ्ठावीस वर्षे गाडी चालवतोय. मला रे कसले पुस्तक?’’ कन्येने मात्र ते पुस्तक गेला आठवडाभर वाचले होते. आदल्या रात्री, ‘‘बाबा, एकदा चाळा तरी,’’ असे म्हणून तिने माझ्या उशाशीही ठेवले होते. मी त्यावर चष्मा ठेवून झोपलो होतो.

केंद्रीय नियमांप्रमाणे या चाचणीत चार विषय येतात. वाहतुकीची चिन्हे, सिग्नल आणि रस्त्याचे नियम हा पहिला. आपल्या गाडीमुळे कोणाला इजा झाली तर चालकाचे कर्तव्य काय, हा दुसरा. पहारेकरी नसलेले रेल्वेफाटक ओलांडताना घ्यावयाची खबरदारी हा तिसरा, आणि जवळ बाळगावयाची कागदपत्रे हा चौथा. साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. संगणकाच्या पडद्यावर प्रश्न येतो, खाली पर्याय येतात आणि एका कोपऱ्यात सेकंद उलटे मोजले जातात. मी कन्नड भाषा निवडली. कर्नाटकच्या सेवेत आयुष्य गेल्यामुळे ती मला चांगली वाचता येते. त्यामुळे पुढे जे घडले त्याचे खापर भाषेवर फोडण्याचीही सोय राहिली नाही.

पहिल्याच प्रश्नात एक निळे वर्तुळ होते, त्याला तांबडी कड, आणि आत तांबडी फुली. मी ‘वाहन उभे करून ठेवण्यास मनाई’ हे उत्तर दिले. चूक! एकच तिरपी रेघ असेल तर गाडी उभी करून ठेवण्यास मनाई. फुली असेल तर क्षणभर थांबण्यासही मनाई. दुसरा प्रश्न गोल चौकाचा होता. बेळगावच्या राणी चन्नम्मा चौकातून मी किती वेळा गेलो असेन याची गणती नाही. आणि दर वेळी जो अधिक धीट तो आधी, या नियमाने गेलो आहे. खरा नियम असा, की चौकात शिरणाऱ्याने आधीपासून चौकात असलेल्या, म्हणजेच उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे. तेही चुकले. रेल्वेफाटकाच्या प्रश्नावर मी मनात म्हटले, आमच्या निपाणीला रेल्वेच नाही, तर फाटक कुठले! वस्तुतः ब्रॉडगेज मार्गांवरील अशी सर्व फाटके जानेवारी २०१९ पर्यंत नाहीशी करण्यात आली. पण नियम आहे तो आहे. गाडी थांबवावी, स्वतः उतरून रुळांपर्यंत चालत जावे, दोन्ही बाजूंना पाहावे, आणि मगच गाडी न्यावी. उतरून चालत जावे, हे मला ठाऊकच नव्हते.

असे करीत करीत तो प्रश्न आला, ज्यासाठी हा लेख लिहीत आहे.

‘घाटातील अरुंद रस्त्यावर एक वाहन चढत आहे आणि एक उतरत आहे. दोन्ही एकाच वेळी जाऊ शकत नाहीत. कोणी थांबावे?’

मी क्षणाचाही विलंब न लावता ‘चढणाऱ्याने’ हा पर्याय दाबला. या उत्तराविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पडद्यावर तांबडे चिन्ह उमटले आणि खाली बरोबर उत्तर आले : उतरणाऱ्याने.

पुढचे दोनतीन प्रश्न मी कसे सोडविले मला आठवत नाही. निकाल पाहून कर्मचाऱ्याने सौजन्याने म्हटले, ‘‘मत्ते बन्नि, सर.’’ म्हणजे, पुन्हा या. मी त्याच्याकडे पाहत होतो. परंतु डोळ्यांसमोर होता २००७ सालचा जुलै महिना आणि आंबोलीचा घाट.

माझी सासुरवाडी सावंतवाडीची. निपाणीहून गडहिंग्लज, आजरा, आंबोली असा आमचा नेहमीचा रस्ता. त्या दिवशी मागे सौभाग्यवती आणि तिच्या मांडीवर दीड वर्षाची ही कन्या. डोक्यावर हेल्मेट दोघांच्याही नाही. पाऊस संततधार. घाट उतरताना एका वळणावर दरडीची माती आणि दगड येऊन अर्धा रस्ता अडला होता. समोरून जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक घरघरत चढत होता. मी त्याला पाहिले. त्यानेही मला पाहिले असणार. मी मनात म्हटले, तो चढतो आहे, त्याचा वेग कमी आहे, तो थांबेल. आणि गाडी तशीच पुढे रेटली. तो थांबला नाही. शेवटच्या क्षणी मी कडेला वळविली, चाक चिखलात घसरले आणि आम्ही तिघेही गटारात पडलो. मुलगी आईच्या कुशीत होती म्हणून तिला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. परंतु तिला सावरताना सौभाग्यवतीचे उजवे मनगट मोडले.

ट्रकवाला वळणाच्या वर, जरा सपाट जागा मिळताच, थांबला. चाकाला दगड लावून तो आणि त्याचा क्लीनर भिजत खाली धावत आले. मी त्याला वाटेल तसे बोललो. शिक्षकाच्या तोंडी शोभू नयेत असे शब्द वापरले. तो काही बोलला नाही. त्याने मुलीला आपल्या कोरड्या टॉवेलात गुंडाळले, आम्हाला पुढच्या बाकावर बसविले आणि आजऱ्याच्या दवाखान्यात नेऊन सोडले. माझी गाडी क्लीनरने एका टपरीपाशी आणून ठेवली. मी त्याचे नाव विचारले नाही. आभारही मानले नाहीत.

ही गोष्ट पुढे सतरा वर्षे आमच्या घरात सांगितली जात होती. पाहुणे आले, पाऊस पडला, घाटाचा विषय निघाला, की मी ती सांगत असे. त्या कथेत एक उन्मत्त ट्रकवाला असे आणि एक सज्जन शिक्षक. कन्या ही कथा ऐकतच मोठी झाली. शाळेत तिने तिच्यावर निबंधही लिहिला होता. आणि मी तो कौतुकाने जपून ठेवला आहे.

नियमामागचे कारण समजून घेतले तेव्हा तर अधिकच वाईट वाटले. भरलेले वाहन चढावर थांबविले, की ते पुन्हा हलविणे कठीण. ते मागे घसरण्याची भीती. उतरणाऱ्याला ब्रेक लावून कडेला थांबणे त्यामानाने सोपे. म्हणून ज्याला थांबणे सोपे त्याने थांबावे. तो ट्रक त्या वळणावर माझ्यासाठी थांबला असता, तर चिऱ्यांच्या ओझ्यासह मागे, दरीकडे, घसरण्याचा संभव होता. त्याने जे केले ते नियमाने केले. आणि नियमाने ज्याची अपेक्षा केली असती त्याहून कितीतरी अधिक त्याने पुढच्या तासाभरात केले. अपघातग्रस्ताला निःस्वार्थपणे मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने दिले. त्या मनुष्याने ते २००७ सालीच, कोणतेही संरक्षण नसताना, शिव्या खात केले होते.

त्या संध्याकाळी घरी मी सौभाग्यवतीला हे सांगितले. ती भाकरी करीत होती. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘अहो, मला तेव्हाच वाटले होते, आपणच थांबायला हवे होते म्हणून. पण तुम्ही इतके रागावला होता, की म्हटले जाऊ दे.’’ पावसाळ्यात तिचे ते मनगट अजून दुखते.

तेव्हापासून मी अनुभव या शब्दाचा पुष्कळ विचार केला. अनुभव हा मोठा गुरू असे आपण मुलांना शिकवितो. परंतु हा गुरू पेपर तपासून देत नाही. रस्त्यावर चूक केली आणि काही घडले नाही, की ती चूक बरोबर ठरते. शंभरदा बरोबर ठरली, की तिला आपण सराव म्हणतो. आणि अठ्ठावीस वर्षे टिकली, की तिचे नाव अनुभव. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील माणसांचे प्रमाण ४४.५ टक्के. हेल्मेट नसल्यामुळे दगावलेले ५०,०२९. ही सारी माणसे काही नवशिकी नसणार. त्यांत माझ्यासारखे अनुभवी किती असतील, या विचाराने अंगावर काटा येतो.

आम्हा सीमाभागातील माणसांच्या ध्यानात यावी अशी आणखी एक गोष्ट आहे. कागलहून निपाणीकडे येताना कोगनोळीच्या आसपास पाट्यांची लिपी बदलते. कोणत्या पाटीवर कोणती अक्षरे असावीत, यावर आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या वाद झाले आहेत. परंतु त्याच राष्ट्रीय महामार्गावर उभी असलेली एक लिपी दोन्ही बाजूंना अगदी सारखी आहे. तांबड्या कडेचा त्रिकोण सावध करतो, वर्तुळ आज्ञा देते, निळा चौकोन माहिती देतो. १९६८ साली व्हिएन्ना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात या चिन्हांची व्यवस्था ठरली आणि १९८० साली भारताने त्या कराराला मान्यता दिली. परभाषेतल्या गावातही, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही वाचता यावी अशी ही लिपी. आपणापैकी पुष्कळांची घरे बडोदे, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. परक्या लिपीतून वाट काढण्याचे कष्ट आपणांस ठाऊक आहेत. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा वाचणारा मी, या पाचव्या लिपीत निरक्षर होतो. आणि निरक्षर आहोत हे मला ठाऊक नव्हते.

शाळा नुकतीच सुरू झाली होती. परवाना हाती येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही असे ठरवून मी बसने जाऊ लागलो. मुलांच्या ते लगेच ध्यानात आले. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सर्वांसमोर सांगून टाकले, ‘‘मुलांनो, मी वाहतुकीच्या नियमांच्या परीक्षेत नापास झालो आहे. अभ्यास न करता गेलो होतो. आता अभ्यास करतो आहे.’’ क्षणभर शांतता. मग पाचवीच्या रांगेतून एक आवाज आला, ‘‘सर, आम्ही प्रश्न विचारू?’’ पुढचे दहा दिवस मधल्या सुट्टीत ती मुले मला प्रश्न विचारीत असत. त्यांनी पुठ्ठ्याची चिन्हे करून वर्गात टांगली. आमच्या शाळेच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, ‘पुढे शाळा आहे’ असे सांगणारा एक त्रिकोणी फलक आहे. त्यावरचे चित्र नेमके कसे आहे, असे एका मुलीने विचारले. मी त्या फलकासमोरून रोज दोनदा जात होतो. मला सांगता आले नाही.

दुसऱ्या खेपेस मी उत्तीर्ण झालो. घाटाचा प्रश्न आला नाही. आला असता तर बरे वाटले असते. गाडीवर पांढऱ्या पाटीवर तांबडा ‘एल्’ लावून महिनाभर हिंडलो. शिकाऊ चालकाने परवानाधारक शिक्षकाखेरीज कोणालाही मागे बसवावयाचे नसते, म्हणून सौभाग्यवती बाजारात चालत गेली आणि वाटेत भेटेल त्याला त्याचे कारणही सांगत गेली. जुना विद्यार्थी टपरीतून ओरडला, ‘‘सर, आता पुस्तक वाचलं न्हवं?’’ तीस दिवसांनंतर मैदानावर आठचा आकडा काढून दाखविला आणि पक्का परवाना मिळाला. आता तो कपाटात नसतो, खिशात असतो. आणि त्यावरची तारीख मला पाठ आहे.

श्रावणात आम्ही दोघे सावंतवाडीला निघालो. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होते. आंबोली ओलांडून घाट उतरताना एके ठिकाणी रस्त्याचे काम चालू असल्यामुळे एकच गाडी जाईल एवढी वाट उरली होती. खालून एक भरलेला ट्रक वर येत होता. मी बऱ्याच अलीकडे कडेला थांबलो आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकले. ट्रक सावकाश जवळून गेला. चालकाने खिडकीतून हात वर केला, मीही केला.

‘‘तोच असेल का हो?’’ सौभाग्यवतीने मागून विचारले.

‘‘नसेल,’’ मी म्हणालो. सतरा वर्षांत ते शक्यही नव्हते. तरी तो वळणाआड जाईपर्यंत मी गाडी हलविली नाही.